दगडू, धोंडो आणि नावाचे वाचन

दया पवार यांचे 'बलुतं' ग्रंथालीने १९७८ साली प्रसिद्ध केले. मराठीतील दलित आत्मकथनांत या पुस्तकाचे स्थान आता निर्विवाद आहे. त्याच्या सामाजिक आशयावर विपुल लेखन झाले आहे, म्हणून त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. प्रस्तुत लेखात एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे, ती म्हणजे निवेदकाचे नाव. या पुस्तकात दगडू मारुती पवार हा गृहस्थ आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतात. दोघे एकच. एक नाव जन्माने मिळालेले, दुसरे लेखक म्हणून घेतलेले. या योजनेला निवेदनाचे तंत्र म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. पण तसे केल्यास पुस्तकाच्या गाभ्यालाच आपण मुकतो, असे मला वाटते.

दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू ही नावे आपल्या परिचयाची आहेत. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नव्या बाळाला दृष्ट लागू नये, काळाचीही नजर त्याच्यावर न जावी, म्हणून असे ओबडधोबड नाव ठेवीत. ही रीत कोणा एका जातीची नव्हती. तिच्यामागे आईबापांची माया आणि भीती होती. याच्या जोडीला दुसरी एक परंपरा होती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असा दंडक सांगितला आहे. एका परंपरेत हलके नाव मुलाला वाचविण्यासाठी, तर दुसरीत त्याला त्याची पायरी दाखविण्यासाठी. 'दगडू' या नावात या दोन्ही परंपरा मिसळल्या आहेत. म्हणूनच ते नाव धारण करणाऱ्याला त्यातील माया जाणवण्याआधी त्यातील अवहेलना जाणवते.

येथे आपल्याच परिचयाचे दुसरे नाव आठवावे. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव. नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत. दगड आणि धोंडा यांत अर्थाचा फरक तो काय? तरीही १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन करणाऱ्या आणि १९५८ साली भारतरत्न झालेल्या कर्व्यांना त्या नावाने कोठेही अडविले नाही. नावापुढचे आडनाव, मागचे कुळ आणि तोंडची भाषा यांनी 'धोंडो' या शब्दातील खडबडीतपणा केव्हाच गुळगुळीत करून टाकला होता. 'दगडू'ला तसा आधार नव्हता. तेव्हा नाव स्वतः शुभ किंवा अशुभ नसते. ते वाचणारा त्याच्या मागेपुढे काय वाचतो, यावर त्याचे मोल ठरते.

हा केवळ साहित्यिक तर्क नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅट्वेल यांनी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून एक पाहणी केली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. अर्जांत फरक होता तो नावांचा. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश आढळली. अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागो येथील अशाच प्रयोगात, २००४ च्या अहवालानुसार, गोऱ्या समाजातील वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा दीडपट प्रतिसाद मिळाला. दिल्ली परिसरातील २००९ च्या एका अभ्यासात मात्र सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातिवाचक नावांमुळे लक्षणीय फरक दिसला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत तो दिसला. जेथे कौशल्य नेमके तपासता येते तेथे नाव मागे सरते, आणि जेथे 'माणूस कसा वाटतो' हे पाहावयाचे असते तेथे ते पुढे येते, असा तर्क यावरून करता येईल. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यास हे नवे नाही. लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर केवळ क्रमांक असतो. मुलाखतीच्या यादीत नाव परत येते.

मग नाव बदलावे, हा उपाय झाला काय? सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकोशी', 'नकुसा' अशी नावे असलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या मुलींच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. शाळेच्या हजेरीत रोज आपण नको आहोत हे ऐकणे थांबले. पण ज्या मनाने ते नाव ठेवले, त्या मनाचे बारसे कोणी करावयाचे?

धारवाडच्या वाचकाला या प्रश्नाची आणखी एक बाजू सहज दिसेल. आपल्याकडे कुलकर्णी, देशपांडे, देसाई, जोशी ही आडनावे कन्नड घरांत तशीच मराठी घरांत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा या नावांनी कित्येक मराठी कुटुंबांना नकळत आडोसा दिला. कागदावरून कोणाची मातृभाषा कळत नसे. याच गावी गुरुनाथ आबाजी कुलकर्णी केवळ 'जी. ए.' म्हणून वावरले. याच गावी घरी मराठी बोलणारे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे आईचे नाव पुढे करून 'अंबिकातनयदत्त' झाले आणि कन्नडचे महाकवी ठरले. १९७३ चा ज्ञानपीठ त्यांना 'नाकु तंती'साठी मिळाला. (आता २०२४ पासून महाराष्ट्र शासनाने दस्तऐवजांत आईचे नाव सक्तीचे केले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.) एकाने नाव झाकले, दुसऱ्याने नवे घडविले. पण दोघांनीही ते आपल्या मर्जीने, हौसेने म्हणा वा स्वभावाने म्हणा, केले. मूळ नावाने त्यांचे काही अडले नव्हते.

'बलुतं'मधील 'दया' हे नाव या दोहोंहून वेगळे आहे, ते येथेच. ते नाव शिकलेल्या, पांढरपेशा जगात प्रवेश देते. परंतु प्रवेशाची किंमत म्हणून दगडूला दाराबाहेर ठेवावे लागते. लेखकाचे मोठेपण हे की, त्याने ती किंमत मुकाट्याने भरली नाही. त्याने दगडूला पुन्हा आत बोलावले, बोलते केले आणि स्वतः श्रोता झाला. प्रतिष्ठित नावाने ऐकावे आणि हिणवलेल्या नावाने सांगावे, ही उलट मांडणी म्हणजेच या पुस्तकाचे नैतिक विधान आहे. एरवी आत्मचरित्रात लेखक आपल्या नावाची कमान उभारतो. येथे त्याने त्या नावाखाली गाडलेले दुसरे नाव उकरून काढले.

आपण सारे स्थलांतरित घराण्यांतील वाचक. आपल्या नातवंडांची नावे ठेवताना ती बंगळुरूच्या वा परदेशातील साहेबाच्या जिभेला सोपी जातील ना, याचा विचार आपण करतोच. त्यात गैर काही नाही. पण कोणाच्या अर्जावरील, लग्नपत्रिकेवरील किंवा घरमालकापुढे ठेवलेल्या चिठ्ठीवरील नाव वाचताना आपला हात क्षणभर का थबकतो, याचाही शोध घेतला पाहिजे. 'बलुतं' पुन्हा वाचावे ते यासाठी. ते आपल्याला दगडूची कीव करावयास सांगत नाही. आपण ते नाव कसे उच्चारतो, याकडे लक्ष द्यावयास सांगते.