‘बालसखी’ने नेमकं काय शिकवलं? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

वाचनात मागे पडलेल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांवर तुम्ही सिनॉप्सिस लिहायला घेतलात, की एक पेपर समोर येणारच. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांचा २००७ चा ‘रेमेडिइंग एज्युकेशन’. संदर्भसाहित्याच्या प्रकरणात तो एका ओळीत उरकायचा मोह होतो: ‘सुसूत्र आणि स्पष्ट अध्यापनाने मुलांचं वाचन सुधारतं (बॅनर्जी व इतर, २००७).’ पेपर उत्तम आहे, पण हा निष्कर्ष त्यात नाही. तो का नाही, हे नीट पाहू.

प्रयोग काय होता?

मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी कार्यक्रम चालायचा. वर्गात मागे पडलेली १५-२० मुलं रोज सुमारे दोन तास वेगळी बसायची आणि त्याच वस्तीतली, साधारण शालान्त शिक्षण झालेली एक तरुणी त्यांना पायाभूत भाषा आणि गणित शिकवायची. तिला सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळायचं. शाळेत बालसखी कोणत्या इयत्तेला द्यायची हे चिठ्ठी टाकल्यासारखं, यादृच्छिक पद्धतीने ठरवलं गेलं. त्यामुळे प्रायोगिक आणि नियंत्रण गट आपोआप तयार झाले.

पहिल्या वर्षी सरासरी गुण ०.१४ प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. हा आकडा असा समजून घ्या: गुणांनुसार उभ्या केलेल्या १०० मुलांच्या रांगेत मधोमध असलेलं मूल ५० वरून साधारण ६१ व्या जागी सरकलं. ही वाढ मुख्यतः तळाच्या मुलांमुळे झाली.

काय शिकण्यासारखं आहे

लेखकांनी स्वतःलाच एक अडचणीचा प्रश्न विचारला. १५-२० मुलं बाहेर गेली म्हणजे मूळ वर्गही लहान झाला. मग फायदा केवळ वर्ग लहान झाल्याचा तर नाही? तसं असतं, तर वर्गात मागे राहिलेल्या मुलांचेही गुण वाढायला हवे होते. ते वाढलेले दिसले नाहीत. म्हणजे फरक बालसखीच्या वर्गातच पडला. पर्यायी स्पष्टीकरण असं खोडून काढायचं असतं.

दुसरी गोष्ट, परीक्षेच्या दिवशी गैरहजर असलेली मुलं त्यांनी सोडून दिली नाहीत. चमू शाळेत पुन्हा पुन्हा गेला, तरी न भेटलेल्या मुलांना शोधून शाळेबाहेर चाचणी घेतली. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कुठे अडतं

आम्हा विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी सांगतात, एका वेळी एकच घटक बदला. बालसखीच्या वर्गात मात्र लहान गट, मुलांच्या पातळीचा मजकूर, ओळखीची ताई आणि शिकवण्याची पद्धत अशा किमान चार गोष्टी एकदम बदलल्या. कार्यक्रम चालतो हे सिद्ध झालं. त्यातलं काय चालतं, हे नाही. लेखकांचा तो प्रश्नही नव्हता, म्हणून दोष त्यांचा नाही. आपण त्यांच्या तोंडी घालतो त्या वाक्याचा आहे.

शिवाय ०.२८ हा भाषा आणि गणित यांचा मिळून आकडा आहे आणि गणितातली वाढ भाषेपेक्षा जास्त होती. चाचणी लेखी होती, मूल मोठ्याने कसं वाचतं हे त्यात कळत नाही. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने तर तळाच्या मुलांचा फायदाही ०.१० च्या आसपास उतरला.

मराठीत ‘स्पष्ट’ म्हणजे काय?

आपल्याकडे ‘स्पष्ट अध्यापन’ म्हटलं की बाराखडीचं सामूहिक पाठांतर डोळ्यांसमोर येतं. ते सुसूत्र असेल, स्पष्ट नव्हे. स्पष्ट शिकवणं म्हणजे: मी करून दाखवते, मग आपण मिळून करू, आता तू एकटा कर, आणि चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्ती.

आणि काय करून दाखवायचं, ते लिपी ठरवते. इंग्रजीवरचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, आवाज नंतर येतो. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘दऱ्या’ यांत एकच ‘र’ चार रूपांत येतो. ‘चूल’ आणि ‘चिमणी’तला ‘च’ वेगळा उच्चारतात, लिहितात मात्र सारखाच. ब-द-क सुटं वाचणाऱ्या मुलाला ‘बदक’ जुळवून दाखवावं लागतं. सोनाली नाग यांचं कन्नडवरचं २००७ चं संशोधन सांगतं, की अशा लिपीत अक्षरज्ञान पक्कं व्हायला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो, चौथीपर्यंतही ते चालूच असतं. मग तीन महिन्यांच्या प्रयोगातून तुम्ही काय सिद्ध करणार आहात?

तुमच्या आराखड्यासाठी

दोन्ही गट लहान ठेवा, वेळ सारखा द्या, मजकूर सारखा द्या, फक्त शिकवण्याची पद्धत बदला. ती पद्धत प्रत्यक्ष वापरली गेली का, याची वर्गनिरीक्षणात नोंद ठेवा. चाचणीत न शिकवलेले शब्द द्या, नाहीतर तुम्ही पाठांतर मोजाल. मोठ्याने वाचून घ्या आणि वाचलेल्यावर प्रश्नही विचारा.

शेवटचं, खास आपल्या मराठवाड्यासाठी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांबरोबर मुलंही जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. जूनमध्ये पूर्वचाचणी आणि फेब्रुवारीत उत्तरचाचणी घेतलीत, तर ही मुलं तुमच्या तक्त्यात ‘गळती’ म्हणून एका ओळीत संपतील आणि सरासरी छान दिसेल. क्रमाने शिकवण्याची पद्धत मूल रोज येतं असं गृहीत धरते, मधला क्रम तुटलेल्या मुलाचं काय, हाच इथला खरा संशोधनप्रश्न आहे. मुंबईतल्या चमूने गैरहजर मुलं शोधली. तुम्ही संभाजीनगरात बसून आराखडा करत असाल, तर उत्तरचाचणीची तारीख ऊसतोडीचा हंगाम पाहून ठरवा.