नेसणे, बांधणे, घालणे : वरवेषाच्या अभ्यासाचे एक उपेक्षित अंग

भारतीय वेषभूषेच्या अभ्यासाला विसाव्या शतकाच्या मध्यावर भक्कम पाया लाभला. मोतीचंद्र यांचा ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ हा हिंदी ग्रंथ व गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेषाविषयीचा १९५१ सालचा इंग्रजी ग्रंथ ही त्याची ठळक उदाहरणे होत. शिल्पे, चित्रे आणि वाङ्मयीन उल्लेख ही अशा अभ्यासाची प्रमुख साधने. या साधनांत नेसून झालेले वस्त्र दिसते. नेसण्याची क्रिया मात्र दिसत नाही. महाराष्ट्रातील वरवेषाचा विचार करताना ही उणीव विशेष जाणवते, कारण येथे परंपरेचे मर्म वस्त्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, क्रियेत आहे.

मराठी भाषेने हा भेद नेमका टिपला आहे. धोतर नेसतात, उपरणे पांघरतात, सदरा व अंगरखा घालतात, फेटा आणि मुंडावळ्या बांधतात. ‘धोतर घातले’ हा प्रयोग जुन्या कानांना खटकतो. ‘नेसणे’ या क्रियापदाचे नाते संस्कृत ‘नि + वस्’ या धातूशी आहे, आणि ते न शिवलेल्या वस्त्रापुरतेच मर्यादित आहे. स्त्रीचे लुगडे व पुरुषाचे धोतर या एकाच क्रियापदाखाली येतात, हेही लक्षणीय होय.

क्रियेचे स्वरूप थोडक्यात असे. धोतराचा मध्य पाठीशी धरून दोन्ही बाजू पुढे घ्यावयाच्या व कमरेशी गाठ मारावयाची; एका बाजूच्या निऱ्या करून त्या पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचावयाचा, आणि दुसऱ्या बाजूच्या निऱ्या पुढे नाभीपाशी. आठ-नऊ मीटरांच्या फेट्याचे पेच डोक्याच्या आकारानुसार बसवावे लागतात. शेमला किती सोडावा व तुरा किती उभा ठेवावा, हे बांधणाऱ्याचा हात ठरवतो. म्हणून एकच कापड दोन हातांनी बांधले असता दोन फेटे होतात. घडीव पगडीचे तसे नाही. तिची घडण कारागिराकडे पूर्ण झालेली असते. वराने ती केवळ मस्तकी धारण करावयाची. २००९ मध्ये पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचे एक कारण या घडीव रूपात असावे. वस्तूची नोंद होऊ शकते. हाताच्या सवयीची नोंद करणे कठीण.

या भेदाची कसोटी पाहावयास पिंपरी-चिंचवड ते चाकण हा औद्योगिक पट्टा उपयुक्त आहे. फाळणीनंतर पिंपरीत निर्वासित सिंधी समाजाची वसाहत झाली. १९५४ मध्ये तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे कारखानदारी भोसरी व चाकणपर्यंत पसरली, आणि मावळ-खेडच्या शेतकरी कुटुंबांशेजारी मराठवाडा, खानदेश, विदर्भ व परप्रांतांतून आलेली कुटुंबे नांदू लागली. आज येथील मंगल कार्यालयांत वर शेरवानीत दिसतो, धोतर असलेच तर ते पुष्कळदा शिवलेले असते, आणि वऱ्हाड्यांना रांगेत बसवून फेटे बांधणारे व्यावसायिक बोलावले जातात. खानदेशचा असो वा मावळातला, फेटा बहुधा एकाच घाटाचा असतो.

यावर ‘परकीय वेषाचे आक्रमण’ असा जो आक्षेप घेतला जातो, तो इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. पेशवाईतील ‘जामा’ हा शब्द फारसी, ‘शेमला’ अरबीतून आलेला. शिवलेला दरबारी वेष मराठी वराने पूर्वीच आत्मसात केला होता. शेरवानीने त्या मिरवणुकीच्या वेषाचीच जागा घेतली आहे. सोवळे नेसून विधीस बसण्याची चाल ज्या घरांत आहे, तेथे कन्यादान व सप्तपदी यांच्या वेळी ती आजही पाळली जाते. उलट ‘पारंपरिक वेष’ म्हणून जो एकच नमुना मांडला जातो, तोही इतिहासाला धरून नाही. बाशिंग बांधणाऱ्या घरांची रीत वेगळी, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध विवाहात रूढ झालेला शुभ्र वेष वेगळा. त्या वेषालाही आता काही पिढ्यांचा इतिहास आहे.

खरी हानी वेगळ्या ठिकाणी आहे. शिवलेले धोतर दुरून पाहता धोतरच दिसते, पण ते नेसले जात नाही, घातले जाते. छायाचित्र हा भेद दाखवू शकत नाही; बोलणाऱ्याचे क्रियापद दाखवते. पूर्वी लग्नघरात मामा किंवा चुलता वराला धोतर नेसवीत असे, आणि त्या थोड्या वेळात एका पिढीचे ज्ञान दुसरीच्या अंगावर उतरत असे. वस्त्र तयार मिळू लागले की हा प्रसंगच उरत नाही. तेव्हा वरवेषाच्या अभ्यासकाने संग्रहालयाइतकेच लग्नघराकडे वळावयास हवे, आणि वराने काय परिधान केले याबरोबर ते कोणी नेसवले, हेही विचारावयास हवे. या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी माणसे या पट्ट्यातील जुन्या गावठाणांत अद्याप आहेत.