गडकऱ्यांवरील दोन आरोप

पुण्याच्या संभाजी उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा जानेवारी २०१७ मध्ये उखडून मुठा नदीच्या पात्रात टाकण्यात आला. 'राजसंन्यास' या अपुऱ्या राहिलेल्या नाटकात त्यांनी छत्रपती संभाजीराजांचे विकृत चित्र रंगवले, हा त्यामागचा आरोप होता. गडकऱ्यांवर दुसराही एक आरोप आहे. त्याचा गाजावाजा झाला नाही, पण तो अधिक खोलवर जाणारा आहे. 'एकच प्याला'तील सिंधू निर्माण करून त्यांनी मुकाट सोसणे हाच स्त्रीचा धर्म ठरवला, असे आजची पिढी म्हणते. आपल्या पेडणे-डिचोलीकडील घरांत संगीत नाटकाची गोडी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तेव्हा हे दोन्ही आरोप आपणही तपासून पाहावेत, असे आम्हांस वाटते.

शासकीय सेवेत चौकशीचे काही साधे नियम पाळले जातात. आरोप वेगवेगळे मांडावेत, कृत्याच्या दिवशी कोणता नियम लागू होता ते पाहावे आणि बचावाची संधी दिल्यावाचून शिक्षा करू नये. जो कारकुनाला मिळतो तो न्याय नाटककाराला नाकारण्याचे कारण नाही.

पहिला आरोप वस्तुस्थितीविषयीचा आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारले. त्या काळी संभाजीराजांविषयीचे प्रचलित मत मुख्यतः बखरींवर, विशेषतः मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीवर आधारलेले होते. राजे व्यसनी आणि विलासी होते ही समजूत तेथूनच रुजली. वा. सी. बेंद्रे यांचा चरित्रग्रंथ १९६० साली आला, डॉ. कमल गोखले यांचा १९७१ साली, आणि समकालीन कागदपत्रांच्या आधारे ते चित्र पालटले. आम्हां गोमंतकीयांना तर हे कोणी वेगळे सांगावयास नको. पोर्तुगीज विजरई १६८३ मध्ये फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला, तेव्हा त्याला परतवून लावणारे संभाजीराजेच होते. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजीमहाराजांनी १६६८ साली उभारून घेतले. त्या देवळाच्या परिसरात वाढलेल्या माणसाला 'राजसंन्यास'मधला राजा अनोळखीच वाटतो. म्हणून नाटकातील चित्र चुकीचे आहे, हे स्पष्टपणे म्हणावे. पण या चुकीवरचा इलाज बेंद्रे यांनी केला, आणि तो चाळीस वर्षे दप्तरे चाळून केला. घणाने पुतळा फुटतो; बखरीतील एक ओळही त्याने दुरुस्त होत नाही.

दुसरा आरोप मूल्यांचा आहे, आणि येथे बचाव इतका सोपा नाही. माहेरची मदत नाकारून दळण दळत संसार रेटणारी आणि मरतानाही दारुड्या नवऱ्याला वाचवू पाहणारी सिंधू बालगंधर्वांनी अमर केली. 'तो काळच तसा होता' असे म्हणून अनेक रसिक हा आरोप उडवून लावतात. आम्हांस हे उत्तर पुरेसे वाटत नाही. काळ कधीच एका आवाजात बोलत नाही. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली लिहिली, आणि जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली. आगरकरांचा 'सुधारक' १८८८ मध्ये सुरू झाला. देवलांची 'शारदा' १८९९ पासून रंगभूमीवर होती. म्हणजे परिपत्रक कार्यालयात येऊन पडले होते. लेखकाला आजच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण त्याच्याच काळात जे उघडपणे बोलले जात होते, त्या मापाने मोजणे अन्यायाचे नाही. त्या मापाने सिंधूचे उदात्तीकरण ही गडकऱ्यांची उणीवच ठरते.

परंतु निकाल लिहिण्यापूर्वी संहिता पूर्ण वाचली पाहिजे. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती नवऱ्याला तोंडावर सुनावते, मुकाट सोसणे तिला मान्य नाही. त्यातच बालविधवा शरद आहे, आणि तिच्या पुनर्विवाहाचा प्रश्न नाटकाने उघडपणे हाताळला आहे. पाच अंकांचे नाटक आटोपशीर करताना कात्री बहुधा याच प्रवेशांवर चालते. सिंधूची पदे मात्र शाबूत राहतात. ही पदेही गडकऱ्यांची नव्हेत, ती वि. सी. गुर्जर यांची आहेत. गीता आणि शरद यांना बाजूला सारून आपण जो 'एकच प्याला' पाहतो, तो गडकऱ्यांनी लिहिलेल्या नाटकापेक्षा अधिक सनातनी होऊन बसतो. त्या सनातनीपणाचा काही भाग आपल्या नावे मांडला पाहिजे.

आपल्या घराकडे पाहिले की हा हिशेब आणखी वाढतो. ज्या समाजाने पतिव्रता सिंधूसाठी डोळे पुसले, त्याच समाजाने देवळांच्या आश्रयाने राहणाऱ्या कलावंत घराण्यांतील मुलींना विवाहाचा हक्क नाकारला होता. गाणे हवे होते, गाणारीला घरात जागा नव्हती. पेडण्यातील मालपे गावचे नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर यांना संगीत नाटक अकादमीने १९५८ साली आपले सर्वोच्च सदस्यत्व दिले. आपल्या जुन्या घरांनी त्यांच्यासारख्या स्त्रियांना कोणता मान दिला, हा प्रश्न गडकऱ्यांना विचारता येत नाही. तो आपणांसच विचारावा लागतो. पूर्वजांवर निवाडा देताना निवाडा देणाराही त्याच कुळातला असतो, हे विसरून चालणार नाही.

मग करावे काय? गडकऱ्यांना देव्हाऱ्यात बसवू नये आणि नदीतही टाकू नये. 'राजसंन्यास' वाचणाऱ्याच्या हाती बेंद्रे यांचा ग्रंथही द्यावा. 'एकच प्याला' उत्सवात जरूर लावावे, पण गीतेचे आणि शरदचे प्रवेश कापू नयेत. वेळ कमी पडत असेल तर एखाद्या पदाचा वन्समोअर टाळावा. दारूने संसार बुडणे हे अजूनही आपल्या गावागावांत घडते आहे, म्हणून या नाटकाची गरज संपलेली नाही. सिंधूच्या मरणाने प्रेक्षकाचे डोळे भरून यावेत. पण 'हिने का सोसले?' हा गीतेचा प्रश्नही त्याच्याबरोबर घरी जावा. तो प्रश्न नाटकात आहे, आणि तो गडकऱ्यांनीच लिहून ठेवला आहे.