बदलनोंदींचे स्थलांतर आणि पाठनिष्ठा

एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, परंतु कोणता पाठ काढून कोणता घातला, याची यादी मागे ठेवली नाही. उलट, पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाकारलेले पाठही तळटीपांत व परिशिष्टांत दिलेले आहेत. अनेकांनी मिळून रचलेल्या खुल्या आज्ञावलींचे प्रकल्प आपल्या बदलांची नोंद एका प्रणालीतून दुसरीत नेतात, तेव्हा त्यांची परीक्षाही याच कसोटीवर झाली पाहिजे.

जीसीसी या कंपायलर प्रकल्पाने जानेवारी २०२० मध्ये सबव्हर्जन सोडून गिट ही प्रणाली स्वीकारली. सबव्हर्जनमध्ये प्रत्येक बदलास अनुक्रमांक असतो. गिटमध्ये आशय व पूर्वेतिहास यांवरून काढलेली ४० चिन्हांची खूण असते. त्यामुळे नोंदीत केलेला फेरफार लपत नाही, हा लाभ निर्विवाद होय. परंतु पूर्वीच्या दोषनोंदींतील व चर्चांतील निर्देश जुन्या अनुक्रमांकांनी केलेले होते. ते निराधार होऊ नयेत म्हणून जुन्या नोंदींच्या अखेरीस मूळ क्रमांक लिहिण्यात आला. ही दक्षता खऱ्या संपादकाची आहे.

तथापि एक आक्षेप उरतो. बदल करणाऱ्यांची नावे या स्थलांतरात चेंजलॉग नामक बदलसूचींवरून ताडून घेण्यात आली. असे नाव कितीही संभाव्य असले, तरी ते संपादकाचे अनुमान होय, मूळ साक्ष नव्हे. म्हणून नवी प्रत कितीही शुद्ध असो, जुने भांडार निदान वाचनापुरते तरी जतन करणे अशा प्रत्येक प्रकल्पाचे कर्तव्य ठरते.