पंधराव्या वर्षी मराठीत काय वाचायचं?

नागपुरात धरमपेठेतल्या किंवा बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानात नववी-दहावीतली मुलगी शिरली, की तिचे पाय इंग्रजी कादंबऱ्यांकडे वळतात. सारा मास, कॉलीन हूवर, स्टेफनी मायरची 2005 सालची 'ट्वायलाइट' ही नावं तिला तोंडपाठ असतात. मराठीत तिच्यासाठी दोन टोकं आहेत. एकीकडे 'फास्टर फेणे' आणि 'बोक्या सातबंडे', दुसरीकडे 'ययाति' आणि 'मृत्युंजय'. मधली सहा-सात वर्षं आपण वाऱ्यावर सोडली आहेत. अद्भुत आणि प्रेम यांची सांगड घालणारी, खास किशोरवयीनांसाठीची कादंबरी मराठीत जवळपास लिहिलीच जात नाही.

याचं खापर परंपरेवर फोडता येणार नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' 1861ची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868ची. मराठी कादंबरी रांगत होती तेव्हा तिला अद्भुताचा आणि प्रेमाचाच आधार होता. पुढे नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने (1913) राजघराणी, कारस्थानं आणि प्रेम एकत्र गुंफून कितीतरी कोवळ्या वाचकांना झपाटून टाकलं. नंतर सामाजिक वास्तवाला प्रतिष्ठा मिळाली आणि वाटण्या झाल्या. अद्भुत गेलं मुलांकडे, प्रेम गेलं मोठ्यांकडे. 'चांदोबा' 1952पासून मराठीत आला, बालभारतीचं 'किशोर' 1971पासून. नागपूरचं 'मुलांचे मासिक' तर त्याही आधीचं. या मासिकांचे उपकार मोठे आहेत. पण वाचकाला मिसरूड फुटली, मन कुणाकडे तरी ओढ घेऊ लागलं, की त्यांच्याकडचं सांगणं संपत असे.

त्यामागे धास्ती आहे. 'रंभा' मासिकाच्या 1962च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला चालला. 1969मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. समाजाच्या कल्पना बदलत आहेत आणि किशोरवयीनांच्याही हाती प्रेमाविषयीचं भरपूर साहित्य असतं, हे त्या निकालात स्पष्टपणे मान्य केलं होतं. न्यायालयाला तेव्हा जे पटलं, ते आपल्या बालसाहित्याच्या जगाला अजून पुरतं पटलेलं दिसत नाही.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' (2004) हा या वाटेवरचा सर्वांत भक्कम टप्पा. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, मुकुंद जोशीची शिरोडकरवर जडलेली नजर, तिला गाठण्यासाठी आखलेले बेत. हे सगळं त्या मुलाच्याच भाषेत येतं, कुठेही वडीलधारी व्यक्ती मध्ये येऊन शहाणपण शिकवत नाही. तरीही ही कादंबरी मोठ्यांच्या साहित्यात जमा झाली आणि तिच्या मागून तशा पुस्तकांची रांग लागली नाही. त्या वयाचं प्रेम मग सिनेमाने उचललं. 'टाईमपास' (2014) आणि 'सैराट'ला (2016) उसळलेली गर्दी म्हणजे पुस्तकांकडून उपेक्षित राहिलेला वाचकच होता.

साहस मात्र जिवंत आहे. सलीम मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला 2019चा आणि भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला 2024चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने हॅरी पॉटर मराठीत आणला. पण प्रेमाची जागा भरली ती मोबाइलने. 2014मध्ये सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'वर मराठी प्रेमकथांचे भागच्या भाग वाचले जातात. मुली मराठीत वाचताहेत, मराठीत लिहिताहेत, याचा आनंद आहेच. मात्र गडगंज श्रीमंत, तापट नायक, करारावरचं लग्न आणि नायिकेचं सोसणं हा साचा तिथे फार घट्ट आहे. नायकाची मालकी म्हणजेच त्याचं प्रेम, असं पंधराव्या वर्षी मनावर ठसणं घातक आहे. कोऱ्या मनाच्या या वाचकांना चांगल्या संपादकाची खरी गरज आहे.

आणि अशा गोष्टींची ही उणीव कुठे, तर विदर्भात! महाभारताच्या वनपर्वातली दमयंती इथली राजकन्या. तिच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचं रूप घेऊन बसतात. समोर पाच नळ. ती सत्याची आण घालते, तेव्हा देवांना आपल्या खुणा दाखवाव्या लागतात. त्यांना घाम नाही, त्यांची पापणी लवत नाही, त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. एकाची माळ तेवढी कोमेजलेली आहे, अंगावर धूळ आहे, सावली पडली आहे. दमयंती त्याच्या गळ्यात माळ घालते. 'ट्वायलाइट'ची बेला अमर प्रियकरासाठी शेवटी स्वतःचं माणूसपण सोडते. दमयंती चार अमरांना नाकारून घामेजलेला माणूस निवडते. किशोरवयीन अद्भुत प्रेमकथेला यापेक्षा धीट नायिका कुठून आणायची? कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीनेही आपला निरोप स्वतःच धाडला होता. रामटेक, पेंचचं जंगल, गोंड राजांचे किल्ले, मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर टिपलेलं रान, हा सगळा ऐवज उशाशी आहे.

तो नुसता पुन्हा सांगून भागणार नाही. आजची दमयंती शिकवणीला स्कूटीवर जाते, मैत्रिणीला "काऊन रुसून राह्यली?" असं विचारते आणि घरी हिंदी-इंग्रजी मिसळून बोलते. ही बोली छापायची हिंमत हवी. दहावीपर्यंत मराठी सक्तीची करणारा 2020चा कायदा मुलांना मराठी वाचता येईल एवढंच पाहू शकतो. वाचावंसं वाटणं लेखकांच्या हाती आहे. दिवाळी अंकांनी दरवर्षी एक किशोर-कादंबरी छापावी. 1923पासून उभ्या असलेल्या विदर्भ साहित्य संघाने तरुण लेखकांच्या कार्यशाळा घ्याव्यात आणि हस्तलिखितं छपाईआधी पंधरा वर्षांच्या वाचकांच्या हाती द्यावीत. सोळाव्या वर्षी ज्यांना आपण मराठीत प्रेमाची गोष्ट दिली नाही, त्यांनी तिसाव्या वर्षी मराठी कविता विकत घ्यावी, असं म्हणण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.