अभ्यासक्रमाचे केंद्र कोणते?

विद्यापीठीय साहित्याभ्यासाचे आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे नेमलेल्या ग्रंथांच्या यादीत परदेशी कृतींची भर, अशी समजूत रूढ आहे. ही भर कोणत्या केंद्राभोवती पडते, हा प्रश्न त्या समजुतीत अनुच्चारितच राहतो. नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९६८ मध्ये झालेल्या वादाचे महत्त्व या संदर्भात आहे.

तेथील इंग्रजी विभागाच्या भवितव्याविषयी कलाशाखेच्या मंडळापुढे एक टिपण आले होते. विभाग उत्तरोत्तर कमी ब्रिटिश होईल आणि अमेरिकी, कॅरिबियन, आफ्रिकी व युरोपीय लेखनाला तौलनिक अभ्यासासाठी त्यात वाव मिळेल, असा त्याचा रोख होता. ही भूमिका वरकरणी उदार होती. न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि टाबान लो लियोंग यांनी मात्र २४ ऑक्टोबर १९६८ च्या निवेदनात इंग्रजी विभागच रद्द करण्याची मागणी केली. एकाच पाश्चात्त्य संस्कृतीचे ऐतिहासिक सातत्य हा अभ्यासाचा कणा राहणार असेल, तर आफ्रिका तिचे परिशिष्ट ठरते, हा या मागणीमागील मर्मग्राही विचार होय.

या निवेदनावर संकुचित राष्ट्रवादाचा शिक्का मारणे सोपे आहे. पण त्यातील पर्यायी आराखडा त्याला दुजोरा देत नाही. मौखिक परंपरा हे मूळ; तिच्यालगत स्वाहिली आणि तिच्या अनुषंगाने अरबी व आशियाई साहित्य; मग निवडक युरोपीय साहित्य आणि आधुनिक आफ्रिकी साहित्य. येथे जग वगळलेले नाही, जगाकडे पाहण्याचे ठिकाण बदलले आहे. आंतरसांस्कृतिक आकलन स्थाननिरपेक्ष नसते, हे सूत्र या आराखड्यातून प्रत्ययास येते.

तथापि ज्या मौखिक परंपरेला मूळ मानले, तिच्या अनेकविध भाषांना ज्ञानभाषा म्हणून कोणते स्थान, या प्रश्नाचे पुरते उत्तर निवेदनात मिळत नाही. ते उत्तर वर्गाबाहेर शोधले गेले. न्गुगी वा मिरी यांच्यासह न्गुगींनी लिहिलेले ‘न्गाहिका न्देंदा’ हे गिकुयू नाटक १९७७ मध्ये कामिरिथू येथे शेतकरी-कामगारांच्या सहभागाने रंगभूमीवर आले. शासनाने त्याच्या प्रयोगांवर बंदी घातली आणि त्याच वर्षाअखेरीस न्गुगींना विनाचौकशी स्थानबद्ध केले. विभागाचे नाव बदलून ‘साहित्य विभाग’ होणे व्यवस्थेला पचले. सामान्यांच्या भाषेने प्रश्न विचारणे पचले नाही.

म्हणूनच यादीत किती देश आले, ही आंतरराष्ट्रीयीकरणाची कसोटी अपुरी आहे. त्या देशांना प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणत्या भाषांना मिळाला, हीच त्याची खरी कसोटी ठरते.