दिवाळीला घर असलेली मुलं आणि नसलेली

सुरुवात पाळ्यापासून करू. बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातलं हे गाव. म्हणजे अकोल्याच्या शेजारचंच. तिथल्या खासगी आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर होणारे लैंगिक अत्याचार नोव्हेंबर 2016 मध्ये बाहेर आले. राज्यभर गदारोळ झाला, अटका झाल्या. आपल्याला थांबायचंय ते एका साध्या गोष्टीपाशी: हे बाहेर आलं कसं? तपासणीतून नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्या आणि घरी बोलल्या.

आता बालगृहातल्या मुलाचा विचार करा. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत, बालगृह महिला व बाल विकास विभागाच्या, कायदेही वेगळे. पण मोठा फरक हा, की बालगृहातल्या मुलाला दिवाळीला घर नसतं. किंवा असलं तरी तिथं पाठवण्यासारखं नसतं, म्हणून तर तो इथं आहे. मग त्यानं सांगायचं कोणाले? आमची आजची सगळी टीका या एका प्रश्नाभोवती आहे.

कायद्याकडे याचं उत्तर आहे, निदान तसं दिसतं. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 54 प्रमाणे राज्यासाठी आणि जिल्ह्यासाठी तपासणी समित्या नेमायच्या. किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवाच. दर तीन महिन्यांत एक तरी भेट, आणि भेटीनंतर आठवड्याभरात अहवाल. शिवाय बाल कल्याण समितीनं महिन्यातून किमान दोन तपासणी भेटी द्यायच्या. तरतुदी कमी नाहीत. सरकारला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. पण कायदा करणाऱ्यांनी इथं बऱ्यापैकी विचार केलाय, हे मान्य केलं पाहिजे.

घोळ पुढे आहे. अहवाल जातो कुठं? जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. संस्थेची नोंदणी करणारं, अनुदान देणारं आणि तपासणीचा अहवाल वाचणारं सरकार एकच. बालगृहात काही भयंकर सापडलं, तर 'इतके दिवस तुम्ही काय करत होता' हा प्रश्न त्याच विभागाला विचारला जाणार. मग सापडावं असं कोणाला वाटेल? इथं कोणी वाईटच असावं लागतं असं नाही. रचनाच तशी आहे. भेट ठरते, संस्थेत निरोप पोचतो, चादरी बदलतात, हजेरीपट तपासला जातो, स्वयंपाकघर बघून होतं. मुलं रांगेत बसून स्वागतगीत म्हणतात. (हे स्वागतगीत आधी बंद करा, असं आम्हाला फार दिवसांपासून म्हणायचंय.) सूचनापेटी भिंतीवर असते, पण ती ऑफिसच्या दारासमोर, येणारं-जाणारं बघेल अशी लावली तर चिठ्ठी टाकणार कोण?

बाहेरच्या माणसानं काय फरक पडतो, हे मुजफ्फरपूरनं दाखवलं. बिहारमधल्या त्या बालिकागृहावर सरकारी देखरेख होतीच. 2018 साली तिथलं वास्तव उघड झालं ते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटानं केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून. हे लोक त्या व्यवस्थेचे नव्हते, आणि त्यांनी मुलींचं ऐकून घेतलं. 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं ज्यांना दोषी ठरवलं, त्यांत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचे तेव्हाचे अध्यक्ष होते. मुलांच्या रक्षणासाठी नेमलेला माणूसच आरोपीच्या पिंजऱ्यात!

इंग्लंडमध्ये बालगृहाला दर महिन्याला एक स्वतंत्र व्यक्ती भेट देते, मुलांशी खासगीत बोलते, आणि तिचा अहवाल ऑफस्टेड या तपासणी यंत्रणेकडे जातो. म्हणून तिथं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. डॉनकास्टरमध्ये 'चांगली' असा शेरा मिळालेल्या निवासी संस्थांतच अपंग मुलांचा छळ चालला होता. न बोलणाऱ्या मुलाचं म्हणणं ऐकणं तिथल्या यंत्रणेलाही जमलं नाही.

इथं आपण वऱ्हाडात परत येऊ. आपल्याकडे संस्था म्हटलं की आपण संस्थापकाचा चेहरा बघतो. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस, मूकबधिर, मतिमंद मुलांना स्वतःचं नाव दिलं. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांची दृष्टिहीन लेक माला लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली. आमचा रोख वझ्झरकडे नाही, हे स्पष्ट सांगतो. उलट अठरा वर्षं पूर्ण झालेल्या दिव्यांग अनाथ मुलांना संस्थेतच राहू द्या, ही बाबांची कित्येक वर्षांची मागणी या कायद्याच्या मर्मावरच बोट ठेवते. अठराव्या वाढदिवसाला बोलता न येणाऱ्या मुलाला एकाएकी वाचा फुटत नाही. पण कायद्याच्या लेखी तो त्या दिवशी मूल राहत नाही, आणि मुलांसाठीची तपासणी त्याच्यापुरती संपते. नंतर तो कुठं गेला, हे विचारणारं कोण?

आणि बाबांसारखा माणूस प्रत्येक बालगृहात असेल, असं धरून कायदा चालवता येत नाही. जिथं बाबा नाहीत तिथं मुलाला हवा बाहेरचा एक माणूस. तोच तो, दर महिन्याला येणारा, अनुदानाशी संबंध नसलेला, निरोप न देता येणारा.

तोपर्यंत एक काम आपण करू शकतो. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. मुलांची नावं नकोत, संस्थेच्या आतला तपशील नको. फक्त दोन गोष्टी मागायच्या: मागच्या तीन वर्षांत तपासणी समितीच्या भेटी किती तारखांना झाल्या, आणि प्रत्येक भेटीत किती मुलांशी, कर्मचारी समोर नसताना, एकेकट्यानं बोलणं झालं. दुसऱ्या प्रश्नाला 'माहिती संकलित केली जात नाही' असं उत्तर आलं, तर तो कागद जपून ठेवा.